दीपीचा फाटा

शेजारच्या निमेशनं रविवारी तुला कापली. मोठ्या कात्रीनं, सगळ्या मंडळीसमोर. आणि हातातली काडी बघत मला म्हणतो, "आजी, वाळकी व्हती." मी म्हटलं, वाळकं तुझं टाळकं!

कोळगावच्या मागचा पाडा
२ डिसेंबर

दीपे,

प्रभूच्या नावात सलाम. अक्षयलाही सांग. त्याचा देव वेगळा असला तरी सलाम काय चावत नाय. माझा गुडघा हाय तसाच हाय. तुझा बाप कमलेश बरा हाय, म्हणजे जेवतो आणि गप्प असतो.

आता कापाकापीचं सांगते. तू लग्न करून गेलीस त्यानंतरचं हे खूळ. पास्टरांनी नाशिकवरून आणलेला द्राक्षाचा वेल चर्चच्या मांडवावर चढला. एकच घड आला. तो इतका आंबट, की पास्टरांची बायको डोळे मिटून बसली, आमाला वाटलं प्रार्थनाच करते. तर कापणीच्या सणाला पास्टर म्हणाले, प्रभू वेल, आपण त्याचे फाटे, तर प्रत्येकानं एका फाट्याला आपल्या नावाची चिंधी बांधायची. मी दोन बांधल्या. एक माझी, एक तुझी.

निमेशनं मोबाईलवर नाशिकची छाटणी पाहिली आणि मांडवावर चढला. पहिलाच फाटा पडला तो तुझा, चिंधीसकट. लगेच तुझा बाप उठला. "देवानंच दाखवलं. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो. कोर्टात लग्न करून परक्यांत गेली, आता नाताळाला तिला इथं बोलवायचं नाय." मागून एक म्हातारी "आमेन" म्हणाली. पण ती बहिरी हाय, कोणी शिंकलं तरी आमेन म्हणते.

मी उठले. पास्टरांना म्हटलं, "ते परत वाचा. त्यात माळी कोण हाय?"

"बाप, आजी."

"कोणाचा बाप? हा कमलेश?"

"नाय आजी. वरचा बाप."

"मग फाट्यानं फाटा छाटायचा, असं कुठं लिवलंय?"

पास्टरांनी पानं चाळली. म्हणाले, "नाय लिवलेलं."

कमलेश काय सोडतो? म्हणे, "पण वेलात राहा, असं तर लिवलंय! ती कुठं राहिली?"

"बोईसरला राहिली! बोईसर काय वेलाच्या बाहेर हाय? तुझा पगार तिथूनच येतो ना?"

मग पास्टरांनी दुसरीकडचं वाचलं. आपण सगळेच रानटी झाडाच्या फांद्या, देवानं उचलून चांगल्या झाडाला जोडल्या, तर जोडलेल्या फांदीनं तुटलेल्या फांदीपुढं तोरा मिरवू नये. सगळे कमलेशकडं बघायला लागले. तो चपला शोधायला लागला. मी मनात म्हटलं, जिंकले.

तेवढ्यात पास्टर माझ्याकडं वळले. हळूच म्हणाले, "पण आजी, दीपिकाच्या नावाची चिंधी तुमी बांधलीत. तिला विचारलंत का?"

मला गप्प बघून निमेश घाबरला, धावत जाऊन पाणी घेऊन आला.

तो फाटा मी घरी आणून तेलाच्या रिकाम्या डब्यात माती घालून खोचला. शेळीनं खाल्ला, चिंधीसुद्धा ठेवली नाय. याला खूण बिण समजू नको. शेळी भुकेली व्हती.

पण पास्टरांचं बोलणं काय शेळीनं खाल्लं नाय. मी फोन केला की अक्षय उचलतो. "आजी, ती अंघोळीला गेलीय." "आजी, ती कामात हाय." पोरगा चांगला हाय, खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक व्हतो. मलाही वाटायचं, सासरी काम असेल. असेल का, दीपे? का तुला आमचं कोणाचं तोंडच बघायचं नाय? तुझ्या बापाचं नको, ते मलाही सारखं बघवत नाय. पण माझंही?

चर्चमध्ये माझ्या शेजारी चटईवर, तू बसायचीस तिथं, मी छत्री आडवी ठेवते. पाऊस कधीच गेला. बाया विचारतात, छत्री कशाला? मी सांगते, उठताना टेकायला. त्यांनाही ते खरं वाटत नाय.

नाताळाला सगळे परत चिंध्या बांधणार हायत. तुझी मी बांधणार नाय. यायचं असेल तर नवऱ्याला घेऊन ये आणि आपल्या हातानं बांध. अक्षयनं बांधली पाहिजे असं नाय, त्यानं भात खाल्ला तरी पुरे. बापाचं मी बघते, तो माझ्या घरात राहतो. आणि नको असेल तर नको. मी काय रडत बसणार नाय, मला वालाला पाणी घालायचं असतं. पण मग छत्री घरी ठेवायची का नाय, ते मला कळायला पाहिजे.

तुझी आजी,
पारू

अक्षयनं लिवलेलं मी वाचणार नाय. हो असो का नाय असो, उत्तर तूच द्यायचं.