पाळण्यातला वरवंटा

चि. रामलिंग यास अनेक आशीर्वाद.

आयर्लंडहून तू फोनवर म्हणालास, "बाबा, पोराचं नाव रोनन ठेवलंय. इकडचंच नाव हाय." मी फोन ठेवून दिला. पोराला थोरल्या भावाचं नाव दिलं न्हाईस म्हणून लई राग आला होता.

तुझ्या आईला सांगितलं, नातवाचं नाव रामलिंगच ठेवलंय. तिनं काल इथं बारसं केलं. बाळ न्हाई म्हणून पाळण्यात वरवंटा निजवला, त्याला टोपडं घातलं आणि त्या दगडावर वाकून हळूच 'रामलिंग' म्हणाली. मला तिथं उभं राहवलं न्हाई. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझ्या भावाला मी दगडांखालूनच काढलं होतं. चार वर्षांचा होता.

पुढच्या साली तू झालास आणि आम्ही त्याचंच नाव तुला दिलं. लातूरच्या क्लासात तुला मार्क कमी पडले की मी म्हणायचो, "पहिला रामलिंग असता तर डॉक्टर झाला असता." तू खाली मान घालून पुस्तक उघडायचास. शेवटी डॉक्टर झालास, पण एकदाही उलटून बोलला न्हाईस.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुझं उत्तर आलं तर आईला वाचून दाखवावं लागंल, आणि खरं नाव तिला कळंल.

रोननच राहू दे. त्या नावाचं आपल्या गावात कुणी मेलेलं न्हाई.

तुम्हा दोघांचा बाप,
ग्यानोबा