पायलच्या पांढऱ्या साडीवरचा डाग

हुडकेश्वर, नागपूर
१० फेब्रुवारी २०२६

ति. मीराताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन नाही केला, कारण तू तो स्पीकरवर ठेवते अन् पायल सारं ऐकते. तिची लग्नाची पांढरी साडी मी खराब केली वं ताई. आधी पाणी पी, मग पुढं वाच.

सीताबर्डीहून फॉल-पिको करून आणली. तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी, माझ्या घरात मिठाची बरणीसुद्धा नावाशिवाय राहत नाही. कागदी पिशवीवर काळ्या मार्करनं ठसठशीत लिहिलं, ‘आयु. पायल, लग्नाची साडी, हात लावू नये’. शाई कागदातून थेट पदरावर उतरली.

मग साबणानं घासलं, टूथपेस्ट चोळली. टिकलीएवढा डाग पुरीएवढा झाला. शेवटी बायकोनं ब्रश हिसकला अन् म्हणाली, तुमची अक्कलही पेन्शनीत निघाली का?

भाऊजी गेल्यापासून पोरीनं सारं माझ्या भरवशावर केलं. कोणत्या तोंडानं स्टेजवर येऊ? मी आपला पंगतीत भाताजवळ थांबीन. तिले सांगू नको. उपाय असला तर कळव. कळमेश्वरले कामाले येणाऱ्या गणपतरावांच्या हाती हे पाठवून राहिलो.

माया उरली असली तर तुझाच,
वसंत

कळमेश्वर
११ फेब्रुवारी २०२६

चि. वसंतास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंच असशील. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे, अन् दवाखान्यात डबा तूच आणला होता. तरी पत्र धाडलं! पायलनंच वाचून दाखवलं. ‘तिले सांगू नको’ हे तर दोनदा वाचलं.

आता घासू नको गा बाप्पा. डाग जुन्या सुती कपड्यावर पालथा घाल. मागून कापसानं स्पिरिट टिप, पण आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहा. खालचा कपडा काळा झाला की बदल. पुढचं पायल तिच्या मनानं लिहून राहिली.

मामा, मी आधी पोट धरून हसले, मग भाताजवळचं वाचून रडले. डाग नाही निघाला तरी मी हीच साडी नेसणार. भाताजवळ आचारी आहे. मले बाबाच्या जागी तुम्ही पाहिजे. नाही आले तर मी स्टेजवर चढणारच नाही.

आईची माया अन् माझा राग, दोन्ही घ्या.
पायल

हुडकेश्वर
१२ फेब्रुवारी २०२६

चि. पायल हिस,
अनेक आशीर्वाद.

पाच बनियन फाडून खाली घातले. काळं गेलं, करड्या रंगाची पुसट छाया राहिली. तुझी मामी म्हणते, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. मले बिनचष्म्याचीही दिसते. मार्कर माझ्याकडून जप्त झाला.

रविवारी येतो, तुझ्या बाजूले उभा राहतो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. फक्त एक कर पोरी, मले रडू आलं तर फोटोवाल्याले माझ्याकडं वळू देऊ नको.

तुझा,
मामा