उर्वीची फोडणी

१७ ऑगस्ट, शनिवार

पोचले एकदाची स्टेट कॉलेजला, म्हणजे माझ्या विद्यापीठाच्या गावी! डिपार्टमेंटच्या मुलींबरोबर अपार्टमेंट शेअर करायचं ठरलं होतं, ते ऐनवेळी कॅन्सल झालं आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करणाऱ्या शैलजाकाकूंनी त्यांच्या घरातली वरची खोली दिली. खिडकीत मेपलचं झाड, कोपऱ्यावर कॅम्पसची बस. आणखी काय हवं! काकू पन्नाशीच्या, नाशिकच्या, काम करताना सारखं काहीतरी गुणगुणणाऱ्या. मोहनकाका नोकरीसाठी टेक्सासला असतात. आल्याआल्या मुगाची खिचडी वाढली, ती मी तीनदा घेतली. आईला नागपूरला फोन केला तर म्हणाली, हो का, मग मी आता निवांत.

समोरच्या खोलीचं दार बंद असतं. जेवताना काकूंनी आपणहून सांगितलं. ती खोली उर्वीची. एकुलती एक मुलगी, मार्चमध्ये ल्युकेमियाने गेली. पंधरा वर्षांची होती. एवढं सांगून त्यांनी मला तूप वाढलं.

२५ ऑगस्ट, रविवार

मी कंप्युटरवाली, म्हणून काकूंनी आज एक काम सांगितलं. उर्वी एक ठोकळ्यांचा खेळ खेळायची. त्यात लाकूड तोडायचं, दगड खणायचे आणि नऊ घरांच्या चौकोनात मांडायचे, की त्यातून नवी वस्तू बनते. दोन काठ्या, तीन दगड, झाली कुदळ. मांडलेलं सामान अर्थातच संपतं. कशातून काय बनायचं ते खेळाने ठरवलेलं असतं. ते आपल्या मनासारखं करता यावं म्हणून या पोरीने स्वतः एक टूल लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘फोडणी’! गहू, गूळ आणि डाळ मांडली की पुरणपोळी. सहा लोकरी आणि एक रागीट मेंढी मांडली की बाबांचा स्वेटर. मी वाचून खूप हसले, मग काकूही हसल्या.

खेळ अपडेट झाल्यापासून फोडणी चालेना, त्यामुळे उर्वीने खेळात बांधलेलं घरही उघडेना. दोन तासांत जमवलं. स्क्रीनवर लाल कौलांचं घर आलं आणि काकू त्याच्या भिंतींवरून कर्सर फिरवत राहिल्या, एखाद्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

यादीतली शेवटची रेसिपी अर्धवट आहे. तारीख हॉस्पिटलमधल्या दिवसांची. नऊही घरं रिकामी. बनणारी वस्तू: उर्वी.

लपवणं बरं वाटेना, म्हणून ती काकूंना दाखवली.

१४ सप्टेंबर, शनिवार

त्या रेसिपीच्या पहिल्या घरात शब्द आलेत. ‘आईचं गुणगुणणं’. मी लिहिलेले नाहीत, आणि काकूंना फोडणीत लिहिता येत नाही. खेळातली सामानाची पेटी उघडली तर त्याच नावाचा एक छोटा निळा खडा त्यात पडलेला. मी बघत असतानाच काकूंनी तो उचलून चौकोनात ठेवला. खडा नाहीसा झाला आणि त्या लाल घरातल्या उर्वीच्या खोलीत दिवा लागला.

काहीतरी बग असेल, असं मी म्हटलं. दुपारी कणीक मळताना काकू मध्येच थांबल्या. तोंड उघडलं, पण सूर आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग खाली मान घालून मुकाट्याने मळत राहिल्या.

२२ सप्टेंबर, रविवार

दुसरं घर: ‘सगळे वास’. मी बसमध्ये होते तेव्हा त्यांनी ठेवून टाकलं. घरी आले तर स्मोक अलार्म बोंबलतोय, कढईत मोहरी जळून कोळसा झालीये आणि काकू तिच्यासमोर शांत उभ्या. जळका वास त्यांना आलाच नव्हता. त्यांनी माझा हात धरून मला स्क्रीनपाशी नेलं. लाल घराभोवतीच्या बर्फात पावलं उमटली होती. लहान पावलं, दारापर्यंत येऊन थांबलेली.

मी हात सोडवून मागे सरले. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता की मला बघवेना.

५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवसांपूर्वी फोडणी अनइन्स्टॉल केली. काल सकाळी परत जागच्या जागी. मग उर्वीचा लॅपटॉपच काढून माझ्या कपाटात ठेवला. काकू दारात आल्या. ओरडल्या नाहीत.

“वल्लरी, हॉस्पिटलमध्ये मी रोज हेच म्हणत होते गं. माझ्यातलं काय हवं ते घ्या, पण हिला राहू द्या. तेव्हा कुणी घेतलं नाही. आता कुणीतरी घेतंय.”

मी म्हटलं, “काकू, पण तुम्ही उरणार नाही.”

“उरून काय करू?”

मी कपाट उघडलं. लॅपटॉप दिला. मी दिला, हे इथे लिहून ठेवते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाच घरं संपली. तिसऱ्यात नाशिक गेलं. चौथ्यात गोड-तिखट गेलं. काकू आता जेवतात कारण मी ताट समोर ठेवते.

पाचव्यात ‘मोहन’. आज काकांचा फोन आला तर त्यांनी माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, कोण गृहस्थ आहेत बघ, फार काळजीने बोलतायत.

मी काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, वेडी म्हणतील.  त्यांनी एवढंच विचारलं, ती काही बोलली का? मी म्हटलं, नाही, फक्त पावलं दिसतात आणि खिडकीत सावली. ते रडायला लागले. पुढच्या शनिवारी फ्लाइट घेतो म्हणाले. तोवर बंद करू नकोस, प्लीज.

तेसुद्धा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सहा. सात. काकूंना लायब्ररीतून घरी आणून सोडलं, रस्ता आठवत नव्हता.

मला एका मैत्रिणीकडे जागा मिळतेय. बॅग भरली. पण काकूंना ताट कोण वाढणार? बॅग परत रिकामी केली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आठवं सकाळीच गेलं. नववं घर: ‘उर्वीची आई’.

मी काकूंचा हात धरला. त्यांनी माझा हात कुरवाळला, सोडवला आणि खडा ठेवला.

स्क्रीनवर लाल घराचं दार उघडलं. एक मुलगी बाहेर आली. लाल टोपी, दोन वेण्या. खाली अक्षरं उमटली:

आई, मी आले.

काकू कौतुकाने बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “किती गोड मुलगी आहे. कुणाची गं? तिच्या आईला कळवा कुणीतरी, वाट बघत असेल बिचारी.”

मी बाथरूममध्ये जाऊन टॉवेल तोंडात धरून रडले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

ती दारातच उभी आहे. रात्रभर होती. अक्षरं येतायत: आई? व्हेअर आर यू? आई, आय डिड इट. इट वर्क्ड.

मी टाइप केलं की आई इथेच बसलीये. ती म्हणाली, नो. दॅट्स नॉट हर.

दुपार

काकूंना तिची दया येते. सकाळपासून तिच्यापाशी बसून आहेत. आणि फोडणीत आता नवी रेसिपी आहे. बनणारी वस्तू: आई.

नऊही घरांत शब्द आलेत. वल्लरीचं गाव. वल्लरीचा अभ्यास. वल्लरीचं हसू — पेटीत खडे आहेत, माझ्या नावाचे.

काकूंना सांगितलं की हात लावू नका. त्या म्हणाल्या, अगं, एवढंसं तर काम आहे. पोरीला तिची आई मिळेल.

प्लग ओढला. स्क्रीन चालूच. काकू खडे ठेवतायत —

दुपार, नंतर

बसस्टॉपपर्यंत गेले. कुठे जायचं होतं ते आठवेना. परत आले. काकूंनी प्रेमाने आत घेतलं.

चार की पाच घरं झालीत. मी कुठल्या गावची? एन-वरून काहीतरी. या वहीत मागे लिहिलंय का, बघते — अक्षर माझं आहे का हे?

काकू म्हणतायत, आता एकच राहिलं. उठून त्यांना अडवायला हवं. पण ती किती रडतेय. एवढीशी पोर, थंडीत, दारात —

फोन वाजतोय. वर ‘आई’ असं नाव आलंय. चूक आहे. आई तर मी —

हो गं बाळा. आले. टोपी नीट घाल, कान झाक. आई आलीच, एवढं लिहून —