मामांच्या गाडीचं दुसरं इंजिन

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (या खेपेला खरोखरचा, का ते पुढे कळेलच).

तुमचे गुडघे कसे आहेत? त्यांची चौकशी सगळ्यात आधी, कारण त्यांच्याच कृपेने तुमची दोन माणसांची लाल गाडी माझ्या घरी आली. बसता येतं पण उतरवायला तीन माणसं लागतात, असं म्हणून तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि तोंड फिरवलंत. डोळ्यात कचरा गेला, असं मामी म्हणाली. (दोन्ही डोळ्यांत एकदम? असो.) मामीची कंबर बरी असेलच. तुमच्या तब्येतीचं फोनवर विचारावं तर तुम्ही "ठणठणीत" एवढंच ओरडता आणि फोन मामीच्या हातात देता, म्हणून मुद्दाम पत्राने विचारतो आहे. इकडे मी, ही आणि लेक खुशाल. गाडीचं पुढच्या परिच्छेदात लिहितो.

तर थंडी. थंडीत रात्री इंजिनावर जुनी रजई टाकायची आणि वर बॉनेट लावायचं, हा तुमचा नियम मी चार वर्षं पाळला. त्यात आमची वाटणी अशी की रात्री रजई मी घालायची आणि सकाळी पेपर आणायला जाताना हिने काढायची. सहा आठवड्यांपूर्वी एका सोमवारी पेपर हिने मागच्या दाराने आणला. (का, ते विचारू नका. मी विचारलं आणि दोन दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं झालं.) मी आपला ऐटीत गाडी काढून निघालो. थोड्या वेळाने जळका वास आला, तो मला पुढच्या ट्रकचा वाटला आणि मी ट्रकवाल्याला मनातल्या मनात खूप बोललो. इंजिन तापल्याचा काटा पार टोकाला गेला होता, पण त्या काट्याकडे लक्ष द्यायचं नाही, तो जन्माचा खोटारडा आहे, असं तुम्हीच सांगितलेलं. नेमका त्या दिवशी तो खरं बोलत होता. नऊ किलोमीटरवर गाडी एकदा कण्हली आणि थांबली. बॉनेट उघडलं तर पंख्याला रजईचा चौकोनी तुकडा गुंडाळलेला आणि बाकी सगळीकडे कापूस.

मामा, इंजिन गेलं. लिहिलं एकदाचं.

आमच्या मेकॅनिकला सगळे वैद्यबुवा म्हणतात, कारण तो लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून रोग ओळखतो. त्याने यावेळी पेचकस लावलाच नाही. ब्लॉकला तडा गेलाय, पिस्टन जागच्या जागी चिकटलेत, आता दुसरं इंजिन बघा, असं म्हणून तो हात पुसायला लागला आणि बराच वेळ पुसत राहिला. तेव्हापासून सहा आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. हिचं म्हणणं, छोट्या घरगुती गाडीचं नवंकोरं इंजिन बसवा; पहाटे सुरू होतं, कुरकुर करत नाही. (हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती.) ते मापाला बसतं, पण उंची अशी की बॉनेट लागत नाही, त्याला भोक पाडून वर डबा बसवावा लागेल. तुमच्या त्या बॉनेटला भोक पाडायची कल्पनासुद्धा मला करवेना. वैद्यबुवांचा जीव मात्र भंगारवाल्याकडच्या एका सहा सिलिंडरच्या धुडावर जडलेला. नुसतं बघायचं म्हणून आम्ही ते साखळीने उचलून आत सोडलं, तर गाडीचं नाक जमिनीला टेकलं आणि मागची चाकं हलकी झाली. ते बाहेर काढायला दुपार गेली. लेक विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात आहे, तिने विजेची मोटर सुचवली. तेल नको, धूर नको, रजई नको. डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवा, थेंब हलणार नाही, असं ती मोठ्या अभिमानाने म्हणाली. डोक्याने विचार केला तर पोरीचं बरोबर होतं.

पण मामा, प्रत्येक इंजिनापुढे मी एकच प्रश्न घेऊन उभा राहत होतो. रविवारी दहाला काय करायचं? चार वर्षं दर रविवारी दहाच्या ठोक्याला तुमचा फोन येतो, तुम्ही "लाव" म्हणता, मी गाडी सुरू करून फोन सायलेन्सरपाशी धरतो, दोन मिनिटांनी तुम्ही "छान" म्हणता आणि फोन ठेवता. दुसऱ्या कुठल्याही इंजिनाचा आवाज तुम्ही पहिल्या झटक्यात ओळखाल, याची मला खात्री होती.

आता त्या सहा रविवारांबद्दल. पहिल्या रविवारी मी फोन शेजारच्या रोपवाटिकेतल्या पाण्याच्या पंपापाशी धरला. तुम्ही "छान" म्हणालात. दुसऱ्या आणि तिसऱ्यालाही पंपच. चौथ्या रविवारी पंप बिघडला, तर वैद्यबुवाने स्वतःची फटफटी आणली आणि काम झाल्यावर मान खाली घालून चहा न घेता गेला. पाचव्याला काहीच मिळेना, म्हणून हिने मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं. सहाव्या रविवारीही तेच. त्या मिक्सरला तुम्ही म्हणालात, "आज अगदी पहिल्यासारखी वाटली." मला ते ऐकवेना. म्हणून हे पत्र. तुम्ही विश्वासाने दिलेली गाडी मी रजई खाऊ घालून मारली आणि वर तुम्हाला सहा आठवडे फसवलं. रागवा, पण बोलणं टाकू नका.

मामीस नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : मूळ काम लिहायचं राहिलं. मामीच्या मागच्या खोलीत टेबलक्लॉथ घातलेलं जे बुटकं टेबल आहे, ज्यावर ती कुंड्या ठेवते, ते टेबल नाही, असं हिला मामीकडूनच कळलं. तशीच एक गाडी भंगारात निघाली तेव्हा तुम्ही तिचं इंजिन उचलून आणलं होतं म्हणे, अडीनडीला असावं म्हणून. अडीनड आली आहे. कुंड्यांसाठी मी खरं टेबल घेऊन येतो.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामीचा फोन आला. हिने तिला सगळं सांगून टाकलं. मामी आधी पोट धरून हसली आणि मग तुम्ही शपथ घातलेली गोष्ट तिने शपथ मोडून सांगितली. दोन वर्षं झाली, तुम्हाला उजव्या कानाने काहीच आणि डाव्याने जेमतेम ऐकू येतं. कानाचं मशीन तुम्ही चष्म्याच्या डबीत ठेवता. फोनवर तर पंप काय, इंजिन काय आणि शेंगदाणे काय. तरी रविवारी दहाला तुम्ही डोळे मिटून बसता, उजवा पाय आपोआप खाली दाबता आणि घड्याळाने दोन मिनिटं झाली की "छान" म्हणता. मग जेवताना मामीला सांगता, आज कुठवर जाऊन आलो ते.

मामा, मला रडू आलं. हे पत्रात लिहितो, कारण फोनवर सांगितलं तर तुम्ही "ठणठणीत" म्हणाल.

ही म्हणाली, मग आता प्रश्नच मिटला, लेकीची मोटर बसवू. मलाही क्षणभर पटलं. पण मग तो पाण्याचा ग्लास आठवला. मोटर हलत नाही, मामा. तुमचं इंजिन सुरू झालं की सीट हलते, पाठ हलते, दातसुद्धा वाजतात. ते कळायला कान कशाला लागतो? तेव्हा टेबलक्लॉथखालचंच इंजिन हवं. बसवून झालं की तुम्हाला न्यायला येतो. उतरवायला मी, लेक आणि वैद्यबुवा, मोजून तीन माणसं आहोत.

तोवर रविवारचा फोन चुकवू नका. दहा वाजता मिक्सर लावतो.