दुपारच्या दोन नोंदी

सातारा,
९ जानेवारी १९४९

प्रिय भामा,

कवठे महांकाळहून तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. तुझ्या धाकट्या बहिणीबद्दल, बयाबद्दल लिहायचं आहे, म्हणून हात अडतो.

चव्वेचाळीस साली आमच्या दवाखान्यात रॉकेलवर चालणारं थंड कपाट नवीन आलं होतं. त्यात रक्ताच्या बाटल्या असत. दर तासाला आतला थर्मामीटर बघायचा, आकडा वहीत लिहायचा, फार गार झालं तर वात कमी करायची, कारण ते कपाट त्या ज्योतीवरच गार होई, हे काम माझं. रक्ताचा एकदा बर्फ झाला की ते नासतं. पुन्हा पातळ झालं तरी ते ज्याला चढवावं तो माणूस दगावतो.

त्या दुपारी ह्यांचं ब्रह्मदेशातून पत्र आलं, पाच महिन्यांनी. मी व्हरांड्यात बसून तेच तेच वाचत राहिले. दोन वेळा कपाटाकडे गेलेच नाही. मग वहीत दोन्ही ठिकाणी चार अंश असं लिहून टाकलं.

तेवढ्यात तुझ्या यजमानांनी, अर्जुनरावांनी, बयाला कोरेगावहून ट्रकमध्ये घालून आणलं. मूल झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. तिला चालेल अशी एकच बाटली होती. कपाट उघडलं तर पारा शून्याच्या खाली, आणि बाटलीत काचेलगत बर्फाचा पापुद्रा. माझ्या हातांच्या उबेनं तो विरघळला. हलवल्यावर रक्त नेहमीसारखंच दिसू लागलं. डॉक्टरांनी वही पाहिली, बाटली घेतली, नळी जोडली. सुई बयाच्या दंडाला लागणार तेव्हा मी म्हणाले, "थांबा. ते गोठलं होतं. वहीतलं खोटं आहे."

त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. अर्जुनराव बाही वर करून माझ्या मागं फिरत होते, "आवं बाई, माजं काढा की. लय हाय माज्यात." त्यांचं जुळलं नाही. आमच्या कोंडीबा शिपायाचं जुळलं, पण ते काढून होईपर्यंत बया गेली.

तुला मी सांगितलं, रक्त शिल्लकच नव्हतं. तू माझ्याच खांद्यावर रडलीस, आणि मी रडू दिलं.

आता तू लिहितेस, तुझ्या थोरल्या मुलीला, हरणाला, नर्सचं काम शिकायला माझ्याकडे पाठवतेस. बयासाठी जिनं जिवाचं रान केलं तिच्याच हाताखाली. भामा, पोरीला गाडीत बसवण्याआधी हे पत्र अर्जुनरावांना वाचून दाखव, मग दोघं ठरवा. तरीही पाठवलीस, तर पहिल्याच दिवशी त्या कपाटासमोर उभं करून हे सगळं तिला मीच सांगेन.

तू म्हणशील तोवर तुझीच,
शालू