नोटिशीचे तीन महिने

४ ऑगस्ट
आजही उशीर. ह्यांची आंघोळ, डाव्या हाताला तेल, मग नाश्ता. लकवा होऊन वर्ष झालं, हात ठेवला तिथंच राहतो. लाखनीहून उपकेंद्रावर पोचले तर गरोदर बाया व्हरांड्यात बसलेल्या. आशाताई शोभानं वजनं घेऊन ठेवली होती. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

९ ऑगस्ट
हे मोरीत पडले. मी गावात लसी देत होते, फोन पर्समध्ये. शेजारच्या ठवकरताईंनी हाक ऐकली म्हणून.
आले तर खाटेवर बसलेले. शर्ट ओला, कपाळावर टेंगूळ.
"काही नाही झालं. पाय सटकला."
एवढी वर्षं नर्स आहे मी. लोकांच्या लेकरांचे ताप बघत फिरते, आणि घरी हे.
मीनलचा नागपूरहून फोन. "आई, आता पुरे कर."
रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत. पण…

१० ऑगस्ट
ह्यांना सांगितलं, नोकरी सोडते.
"काहून?"
"तुमच्यासाठी."
"मले नको. तू ड्युटीवर गेली का मी घर राखतो. दूधवाला आला, सिलेंडरवाला आला, मी पायतो. तू घरी बसली का मी निस्ता पेशंट."
जीभ जड, एवढं बोलायला घाम फुटला. मग भिंतीकडे तोंड. जेवले नाहीत.

२९ ऑगस्ट
स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तीन महिन्यांची नोटीस, नोव्हेंबरअखेर मोकळी. पीएचसीच्या डॉक्टर मॅडम मीनलच्याच वयाच्या. म्हणाल्या, "सिस्टर, नीट विचार केलाय ना?" हो म्हटलं.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "माह्या नावानं नको सोडू. तुले सोडायची असंल तं सोड."
मला सोडायची आहे का? कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

१७ सप्टेंबर
राग निवळला. आज स्वतःहून विषय काढला.
"डिसेंबरात काय करशील दिवसभर?"
"तुमचं डोकं खाईन."
हसले. एका बाजूनंच हसता येतं, पण हसले. मग म्हणतात, गोसीचं पाणी पाहायला ने. ह्यांच्या मामाचं गाव त्या धरणात गेलं, लहानपणच्या सुट्ट्या तिथल्या. एवढी वर्षं एसटी डेपोत गाड्या दुरुस्त केल्या, पण तिकडं कधी गेले नाहीत. म्हणत, पाणी काय पाहायचं. आता पाहायचंय.
"डिसेंबरात नेते. गाडी करून."
"पक्कं?"
पक्कं.

६ ऑक्टोबर
शोभा रडली. नवीन सिस्टर कशी येईल, येईल की नाही. तिला म्हटलं, सरकार बघेल. ती म्हणाली, "सरकार कायले पायते, तुमीच पायत होत्या." वाटेत धान निसवलेला दिसला, लोंब्या बाहेर आलेल्या. स्कूटी थांबवून उगाच उभी राहिले. ह्या रस्त्यानं आता थोडेच दिवस.
घरी आले तर ह्यांनी एका हातानं शेंगा सोलून ठेवलेल्या. अर्ध्या खाली सांडलेल्या. मी उचलल्या.

१२ ऑक्टो.
रविवार. सकाळी म्हणाले, आजच जाऊ ना गोसीले. ऊन होतं, रिपोर्टही लिहायचे होते. म्हटलं डिसेंबरात निवांत जाऊ. बरं म्हणाले.

१४ ऑक्टो.
पहाटे दुसरा झटका. भंडाऱ्याला आणलंय. डोळे उघडतात, ओळख नाही. मीनल निघाली.

१६ ऑक्टो.
हे गेले.

२८ ऑक्टोबर
तेरवी झाली. पाहुणे गेले. जाताना जो तो म्हणत होता, बरं झालं नोकरीतून सुटल्या, आता आराम करा. आराम!
मीनल म्हणते नागपूरला चल. तिच्या घरी मी काय करू? तिचीच चाललेली धावपळ बघत बसू?

३ नोव्हेंबर
ड्युटीवर. नोटीस अजून चालूच आहे. बाया बोलेनात, माझ्याकडं बघून पदर तोंडाला. एकीचं बाळ जोरात रडलं सुईनं, आणि मला बरं वाटलं. तेवढा वेळ आठवण नव्हती. मग लगेच लाज वाटली.
मॅडमनी आत बोलावलं. "सिस्टर, अर्ज मागे घेता येतो. मुदतीच्या आत कळवा, मी लिहिते वरती."
लसींचं रजिस्टर उचललं आणि बाहेर आले.

११ नोव्हें.
झोपताना तेच. त्यांच्यासाठी सोडत होते. ते नाहीत म्हणून परत धरली, तर ते आडच येत होते असं होईल. नाही धरली तर ह्या घरात सकाळी उठून मी… त्या रविवारी नेलं असतं. ऊन काही एवढं नव्हतं.

२१ नोव्हेंबर
शोभानं विचारलं, "काय ठरवलं सिस्टर?" म्हटलं पाहते. एका बाईचे दिवस भरत आलेत, पुढल्या महिन्यात होईल. तिनं हात धरला, "तुमीच राहा हो तवा." मी तिचा बीपी घेतला.
निघताना मॅडमचा फोन. कागद वरती जायला आठवडा लागतो, उद्या सकाळपर्यंत सांगा म्हणाल्या.
घरी आले. सकाळचा पेपर दारातच पडलेला. तो उचलून आत गेले, लाईट लावला. चहा ठेवला, एकाच कपाचा. मोबाईल समोर ठेवलाय.