पाटे, वाळू आणि वीस सेकंद

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून नोंद ठेवीत आहे. काल जेवताना चिरंजीवांनी माझ्या गाडीची चावी मागितली. म्हणाले, "बाबा, तुमचं वय एकाहत्तर, गाडीचं चाळीस. आता दोघांनीही पुरे करा." मी घास खाली ठेवून जाहीर केले की, बंद विमानतळाच्या धावपट्टीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चारशे मीटरच्या सरळ शर्यती होतात, तेथे मी वीस सेकंदांत अंतर कापीन. कापले, तर चावी माझी. न कापले, तर त्यांची. चिरंजीव हसले. हिने हसू आवरले, परंतु ते मला दिसले.

६ जानेवारी
पहिली चाचणी. घड्याळ हिच्या हाती. वेळ : साडेएकवीस सेकंद. प्रश्न केवळ दीड सेकंदाचा. इंजिन निर्दोष. दोष सस्पेन्शनचा. क्लच सोडताच गाडी मागच्या बाजूने खाली बसते. मी पस्तीस वर्षे ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बसविले. माझ्या हाताखालून गेलेला एकही ट्रक मागे बसला नाही. माझीच गाडी बसावी, हे शोभत नाही.

९ जानेवारी
गॅरेजच्या मेस्त्रींचे मत विचारले. सौजन्य म्हणून. म्हणाले, "काका, बसू द्या की तिला थोडं! वजन मागं गेलं की टायर जमीन पकडतो. पाट्यांना हात लावू नका, मागे दोन चांगले शॉकअप टाका, बास." मनुष्य सज्जन आहे, परंतु आयुष्यभर त्याने मोटारीच पाहिल्या. दोन्ही बाजूंस तीन-तीन जादा पाटे चढविले. स्वहस्ते. कंबर धरली आहे. थंडीमुळे.

११ जानेवारी
दुसरी चाचणी. गाडी बसली नाही, हे प्रथम नमूद करतो. वेळ : तेवीस सेकंद. मागची चाके जमिनीवर टिकेनात. संपूर्ण अंतर उड्या मारीत कापले. ही म्हणाली, "अहो, ती पळत होती की दोरीवरच्या उड्या मारत होती?"
दुपारी कारण उमगले. ट्रकची परीक्षा माल भरून करतात. आम्ही रिकाम्या गाडीवर पाट्यांची परीक्षा केली. संकल्प : माल भरणे.

१५ जानेवारी
डिकीत वाळूची चार पोती. उड्या बंद. गाडी पुन्हा मागे बसली, पूर्वीपेक्षा खोल. उपाय उघड आहे. आणखी दोन-दोन पाटे.

१७ जानेवारी
पाटे चढविले. पुन्हा उड्या. आणखी तीन पोती, मागच्या सीटवर, पट्टा लावून. हिने विचारले, "शर्यतीला निघालात की घर बांधायला?" हिला यंत्रातले कळत नाही. परवा हिने मिक्सर दुरुस्त केला, तो योगायोग.

२० जानेवारी
वेळ : अठ्ठावीस सेकंद. आकडा वाढला आहे, परंतु गाडीच्या चालीला भारदस्तपणा आला आहे. मेस्त्री पाहावयास आले होते. म्हणाले, "काका, हात जोडतो. वाळू काढा, पाटे काढा, होती तशी करा. मग मी बघतो, दीड सेकंद कुठं सापडतो ते." मी त्यांस चहा पाजून निरोप दिला.
दुपारी चावी खिशातून काढून टेबलावर ठेवून पाहिली. खिसा फार हलका वाटला. परत ठेवली.

२७ जानेवारी, रविवार
सकाळी शर्यत. ही, चिरंजीव आणि मेस्त्री पाहावयास आले. प्रारंभरेषेवर पंचांनी डिकी उघडली, मग माझ्याकडे पाहिले. "आजोबा, सुटा माल घेऊन पळता येत नाही." सातही पोती उतरविली. माझी सर्व योजना त्या पोत्यांवर उभी होती.
पहिली उडी रेषेवर. दुसरी रेषेपलीकडे. पुढे मोजणे सोडले. शेजारच्या मार्गावरील स्पर्धक पोहोचला, वळला आणि परतताना मला भेटला. त्याने हात हलविला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून मान हलविली. ती आधीपासूनच हलत होती.
वेळ : चौतीस सेकंद.
शब्द दिला होता. चिरंजीवांच्या हातावर चावी ठेवली. ते रुबाबात चालकाच्या जागी बसले. फाटकापर्यंत जेमतेम दीडशे पावले. तेवढ्यात त्यांचे डोके तीनदा छतास लागले. गाडी थांबली. "बाबा, धरा तुमची चावी! हे जनावर तुम्हीच चालवा." याचा अर्थ स्पष्ट आहे. कौशल्यापुढे तारुण्याने हार पत्करली. ही आणि चिरंजीव मेस्त्रींच्या गाडीतून घरी गेले. ही खिडकीतून म्हणाली, "सावकाश या हं." अन्य कोणत्याही रीतीने येणे शक्य नव्हते. बारा किलोमीटर, दोन तास.

२८ जानेवारी
आडव्या स्थितीत लिहीत आहे. उठता येत नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी पाठ दाबली. मी ओरडलो नाही, केवळ मोठ्याने श्वास सोडला. तो शेजारच्या घरी ऐकू गेला, असे ही सांगते. सहा आठवडे स्टिअरिंगला हात लावावयाचा नाही. नंतरचे नंतर पाहू, असे डॉक्टर म्हणाले.
चावी मात्र माझ्याकडेच आहे. पाठीखाली ठेवली आहे. टोचते.